फळा बंद होता

आमच्या एम. ए.च्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या सकाळी तीन निरोप आले. पहिला, प्रबंधाच्या दोन प्रती जमा करा. तिसरा, स्पायरल बाइंडिंग चालणार नाही. आणि दोहोंच्या मध्ये, 'नीलिमा खानविलकर मॅडम काल गेल्या.' खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेतच एका महाशयांचा प्रश्न, 'मग मुदत वाढेल का?' मी खुदकन हसले. हे नीलिमाला पाठवायलाच हवं म्हणून तिचं नाव शोधायलाही लागले... आणि मग बोट थांबलं.

आम्ही दोघी शाळेत शिकवणाऱ्या. मी ठाण्यात मराठी, ती डोंबिवलीत गणित. पन्नाशीच्या उंबरठ्यावर 'वर्गातील तंत्रज्ञान' या विषयाची पदवी घ्यायला निघालो. मला मिरवायचं होतं, हे कबूल. तिला मात्र गरज होती. तिच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती आणि संस्थेने नेमकी याच पदवीची अट घातलेली. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, तंत्रज्ञान म्हणजे काय? मी उभी राहून पाच मिनिटं हातवारे करत बोलले, टाळ्या घेतल्या. नीलिमा म्हणाली, "सर, खडूसुद्धा." आणि बसली. मी तिला कोपराने ढोसून म्हटलं, "अगं, जरा तरी नाट्य आण!" ती म्हणाली, "तू आहेस ना."

दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्य आलं. सहा आठवडे एका शाळेत जाऊन तिथलं तंत्रज्ञान वापरून शिकवायचं, नोंदी ठेवायच्या, फोटो लावायचे. आम्हाला शीळफाट्याच्या पुढची एक शाळा मिळाली. तिथे कुणा दात्याने दिलेला डिजिटल फळा होता. त्यावर क्रोशाचं कव्हर, कोपऱ्यात दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू. कव्हर काढलं तर कळलं, प्रोजेक्टरचा दिवाच गेलेला. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "वागळे इस्टेटमधून दुरुस्तीचा माणूस येणार आहे." किती दिवसांत? "तेच तर दोन वर्षं विचारतोय, मॅडम." मात्र तपासणीच्या कागदांवर 'फळा सुस्थितीत' असं ते दर वर्षी न चुकता लिहीत होते.

माणूस आला नाही. मग माझ्या अंगात दिग्दर्शक संचारला. माजिवड्याला आमच्या घराखाली फ्लेक्सवाला आहे, सगळ्या भावी नेत्यांचे वाढदिवस तोच छापतो. त्याच्याकडून फळ्याच्या मापाचा पचनसंस्थेचा फ्लेक्स करून घेतला. जठर, यकृत, आतडी, सगळं झगझगीत रंगांत. त्याने प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, खाली शुभेच्छुक कोण टाकू?" तो फ्लेक्स मी दुहेरी टेपने बंद फळ्यावर ताणून बसवला, खिडक्या लावल्या, मुलांच्या डोक्यांमागून मोबाइलचा उजेड टाकला, एका मुलीला आतड्यावर बोट ठेवायला सांगितलं, आणि फोटो काढला. काय फोटो आला म्हणून सांगू! फळा जिवंत झाला होता. नीलिमा दारात उभी राहून सगळं बघत होती. पोट धरून हसली. मग म्हणाली, "झालं तुझं? आता काढ ते. मला अपूर्णांक शिकवायचेत."

तिने काय केलं? आपला जुना मोबाइल मुलांच्या हातात दिला. गणित ज्याला समजलं त्याने ते आपल्या घरच्या बोलीत सांगायचं, तिने ते ध्वनिमुद्रित करायचं, आणि ज्यांना समजलं नाही त्यांना छोट्या स्पीकरवर ऐकवायचं. एक आगरी मुलगी ठसक्यात सांगत होती, "एक भाकर घे. तिचं चार तुकरं कर. तीन मना दे, एक तू खा. माजं झालं तीन छेद चार." पलीकडच्या बाकावरून आवाज आला, "तुलाच बरी तीन!" आणि सगळ्या वर्गाला अपूर्णांक कळला. मी पंचवीस वर्षं शिकवतेय. असा तास मी घेतलेला नाही.

तिने अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, 'सहाही आठवडे फळा बंद होता.' मी लिहिलं, 'फळ्याचा प्रभावी वापर.' एकच शाळा, एकच फळा. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले, माझा फोटो उचलून धरला आणि तिला म्हणाले, "मॅडम, हा फळा तर चालू दिसतोय. तुम्ही तिथे जात होतात ना नक्की?" नीलिमाने माझ्याकडे बघितलं. परीक्षकांनीही माझ्याकडे बघितलं. असा रंगमंच मिळणं मला आयुष्यभर आवडत आलंय. मी हसून म्हटलं, "सर, अगदी छान चालायचा. मुलं तर उठायलाच तयार नसायची."

मला सर्वांत जास्त गुण मिळाले. तिला क्षेत्रकार्यात नापास केलं, शेरा होता 'नोंदी अविश्वसनीय'. बाहेर पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "किती छान बोललीस. क्षणभर मलाही खरं वाटलं."

त्यानंतर तिने मला तीन फोन केले. पहिल्यांदा म्हणाली, "फेरविचाराचा अर्ज करत्येय. तिथले मुख्याध्यापक लिहून देणार नाहीत, 'फळा सुस्थितीत' हा त्यांचा दाखला आधीच गेलेला. तू एवढंच लिही, फळा बंद होता. फ्लेक्सचं मी काही काढणार नाही."

"अगं, पण ते आपोआप कळेलच ना!"

"हो," ती म्हणाली, "ते कळेल."

मी म्हटलं, स्नेहसंमेलन होऊ दे, मग बघू. दुसऱ्या फोनला सांगितलं, पाहुणे आलेत. घरात मी एकटी होते. पाहुणे आल्याचे आवाजसुद्धा काढले मी, "या या, बसा" वगैरे. तिसरा फोन उचललाच नाही. माझ्या शाळेत तोवर शाल-श्रीफळ झालं होतं, क्षेत्रकार्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या प्रमाणपत्राला चौकट केली होती. डोंबिवलीतली ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्यानंतर दोनच महिन्यांत, वर्गात शिकवताना नीलिमा कोसळली. मेंदूत रक्तस्राव. ती माझ्यावर रागावली असती तरी बरं झालं असतं. पण राग काढायला तरी मी तिला कुठे सापडत होते...

तेराव्यानंतर मी डोंबिवलीला तिच्या घरी गेले. तिचे यजमान श्रीकांतराव यांनी पाणी दिलं, समोर बसले, आणि मी काही बोलायच्या आत एक फाइल आणून माझ्यापुढे ठेवली. फेरविचाराचा अर्ज. टाइप केलेला, सोबत सगळी कागदपत्रं, पाठवायचा तेवढा राहिलेला. शेवटच्या पानावर दोन ओळी, 'मी या शाळेत सोबत होते. फळा बंद होता.' त्याखाली माझं पूर्ण नाव, आणि नावाच्या वर पेन्सिलीने मारलेली एक बारीक फुली. नीलिमाची ही सवय. पालक प्रगतिपुस्तकावर भलत्याच रकान्यात सही करतात, म्हणून वर्गातल्या सगळ्या मुलांच्या पुस्तकांवर ती आधी अशी फुली मारून ठेवायची. कुणी खजील होऊ नये म्हणून.

मी पर्समधून पेन काढलं.

"आता कशाला, मॅडम?" श्रीकांतराव म्हणाले.

मी सही केली. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, दर वेळी पालक जे विचारतात, तेच माझ्या तोंडून गेलं, "बरोबर जागी झाली ना?"

त्यांनी चष्मा लावून पान नीट पाहिलं.

"जागा बरोबर आहे," म्हणाले, आणि फाइल मिटली.