बदली आल्याशिवाय

आमच्या घरात गॅसवरच्या दुधाकडे कोणी नुसतं लक्ष ठेवत नसे, त्याचा चार्ज घेतला जाई. बाबा लष्करात हवालदार होते. ते सुट्टीवर आले आणि आई भाजीला निघाली की ते मला ओट्यासमोर उभं करत. आईने माझ्यासमोर दोन पावलांवर उभं राहून सांगायचं: एक गॅस, एक पातेलं, अर्धा लिटर दूध. मी ते तसंच्या तसं परत म्हणायचं. मग आई सुटायची आणि मी अडकायची. पहारा बदलायची ही रीत बाबांनी पलटणीतून घरी आणली होती, बाकीचे लोक कँटीनमधून मिक्सर आणतात तशी. आई तोंडाला पदर लावून हसत हसत सगळं करायची. मला हसू येत नसे, कारण नियम ठाऊक होता. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

हा नियम आमच्याकडे पिढीजात. पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते. एकदा एका गोऱ्या साहेबाने त्यांना आपल्या बंगल्याच्या फाटकावर उभं केलं आणि स्वतः शिकारीला निघून गेला. बदली पाठवायची विसरला. पणजोबा वैशाखाच्या उन्हात दीड दिवस उभे राहिले. साहेब परतला, त्याने पाहिलं आणि पाठीवर थाप मारून शाबास म्हणाला. हातमोजा न काढता. हातमोज्याचं हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात, म्हणजे आमच्या अकलेचा अंदाज येईल. साहेब विसरलाच कसा, हे कोणी विचारत नाही. मी एकदा विचारलं, तर बाबांनी मला भरल्या ताटावरून उठवलं होतं.

पुढे देश स्वतंत्र झाला, संस्थान गेलं, आणि आजोबा भारताच्या सैन्यात आले. टोपीवरचा बिल्ला बदलला, हुकूम हिंदीत आले. बाकी बिगूल तोच, काखेत काठी धरायची ऐट तीच, साहेबाच्या बुटांना पॉलिश करणारा शिपाईही तोच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ जळलासुद्धा नव्हता, नुसता या खुंटीवरून त्या खुंटीवर टांगला होता.

मी सात वर्षांची असताना बाबांनी मला बडोदे स्टेशनवर ट्रंकेचा चार्ज दिला. ‘एक ट्रंक, एक वळकटी,’ मी म्हटलं. ते तिकिटाला गेले. रांग मोठी असावी. फलाटावर माणसांचा लोंढा आला, कोणीतरी ढकललं, एक दाढीवाला माणूस ट्रंकेवर बसला, आणि मला लघवीला लागली. मुतारी समोर दिसत होती. मी हलले नाही. फ्रॉक भिजला, मोजे भिजले, मी रडत रडत ट्रंकेची कडी धरून उभी राहिले. बाबा आले. त्यांनी खाली पाहिलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि शाबास म्हणाले. ती भीती अजून माझ्या पोटात आहे. पण त्या दिवशी घरी जाताना मान ताठ करून चालले होते, हेही खरं.

निवृत्त झाल्यावर बाबा एका सिक्युरिटी कंपनीत लागले. आई गेल्यावर मी म्हटलं, बडोद्यातच छाणीला माझ्याकडे या आणि स्वस्थ बसा. ते राहायला आले, पण स्वस्थ बसले नाहीत. सत्तरी ओलांडली तरी सयाजीगंजातल्या एका ऑफिसांच्या इमारतीच्या गेटवर उभे राहायचे. खांद्यावर दोरी, दोरीला शिटी, काखेत काठी. गाडी आली की सलाम. आत बसलेला माणूस मोबाइलमधून मानही वर काढत नसे. मला संताप यायचा. आपल्याकडे ज्याला त्याला दाराशी सलाम ठोकणारा माणूस हवा असतो, मग आत पंख्यांचं दुकान का असेना.

दोन-तीन वर्षांमागे विश्वामित्रीला पूर आला. या नदीत मगरी आहेत. एरवी पुलावरून पोरांना त्या दाखवणं ही आमची फुकटची करमणूक. पूर आला की मात्र त्या गल्लीबोळांत शिरतात आणि करमणूक संपते. मी त्या दिवशी गोरव्याच्या कारखान्यात, माझ्या डिस्पॅचच्या टेबलावर होते. दुपारी चारला फोन आला. बाबांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर औषधांचं दुकान असलेल्या गुजराती काकांचा.

‘बेन, तमारा बापुजी नीचे गेट पर ऊभा छे. पाणी वधे छे. अमे बधा बोलावीए छीए, उपर आवता ज नथी.’

पाणी चढतंय आणि बाबा गेट सोडून वर येत नाहीत, एवढं ऐकून मी बाबांना फोन लावला. ‘बदली आली नाही,’ ते म्हणाले, आणि फोन बंद.

तीन वाजता येणारा दुसरा पहारेकरी पुरामुळे घरातच अडकला होता. कंपनीच्या सुपरवायझरचा फोन लागत नव्हता. म्हणजे साहेब पुन्हा विसरला होता. पणजोबा निदान कोरड्या जमिनीवर उभे होते.

स्कूटर काढली. रुळांखालून जायचं गरनाळं तुडुंब भरलं होतं, म्हणून स्कूटर अलीकडेच टाकली आणि स्टेशनच्या पुलावरून पलीकडे गेले. खाली ट्रंकेचा फलाट दिसला. पुलाच्या शेवटच्या पायरीशी पाणी सुरू झालं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. चहासारखं पाणी, तळ दिसत नाही. गॅलरीतून एक बाई ओरडली, ‘एय बेन, मगर छे, पाछा जाओ!’ कुठे आहे ते तिलाही सांगता येईना. माझी पाचावर धारण बसली. पायाला पिशवी लागली तरी मी किंचाळत होते. छत्री पुढे टोचत टोचत, तोंडाने रामरक्षा आणि मधेच बाबांना शिव्या, अशी मी त्या गेटपर्यंत पोचले.

बाबा मांडीभर पाण्यात ताठ उभे होते. त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची भिंतीशी गोल गोल फिरत होती. तळघरातल्या मोटारी केव्हाच बुडाल्या होत्या. चेहरा पांढराफटक, ओठ थरथरत होते, पण काठी काखेत.

‘बाबा, वर चला.’

‘बदली आल्यावर.’

‘अहो, कोण येणार आहे आता? मगरी फिरतायत पाण्यात!’

‘मग तू कशाला आलीस? सिव्हिलियनने इथे थांबू नये. वर जा.’

मी हात ओढला. त्यांनी झटकला, आणि त्या झटक्यात तेच पाण्यात धडपडले. सावरेपर्यंत कमरेइतके भिजले. एकदा आडवे झाले तर मला एकटीला उचलवणार नव्हते. जिन्यातून काका हाका मारत होते. मला रडू फुटलं. आणि रडता रडता लक्षात आलं की हा माणूस विनवणीने हलणार नाही, ओढून हलणार नाही. त्याला हलवायची एकच रीत आहे आणि ती मला पाठ आहे.

मी डोळे पुसले. त्यांच्यासमोर दोन पावलांवर उभी राहिले. छत्री अंगाशी धरली.

‘बदली हजर.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नसल्यासारखं पाहिलं, आणि खरी भीती मला तेव्हा वाटली. मग त्यांचा आवाज आला, स्वच्छ, ठणठणीत.

‘एक गेट, कुलपासह. नऊ किल्ल्या. एक रजिस्टर.’

‘एक गेट, कुलपासह. नऊ किल्ल्या. एक रजिस्टर.’

रजिस्टरचा लगदा झाला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. मग किल्ल्या, मग काठी. एक पाऊल बाजूला झाले, वळले आणि पाणी कापत जिन्याकडे गेले. काकांनी त्यांना दंडाला धरून वर घेतलं. माझ्या जिवात जीव आला. सुटलो एकदाचे, असं म्हणून मी पाऊल उचललं.

‘जागा सोडायची नाही!’ जिन्याच्या वळणावरून बाबा ओरडले. ‘बदली येईपर्यंत!’

मी पाऊल खाली ठेवलं.

मला कळत होतं की हा वेडेपणा आहे. पन्नाशीला टेकलेली बाई मी, घरी माणसं वाट बघतायत, पाणी चढतंय. रस्त्याकडून काहीतरी लांबोडकं, काळं, गेटच्या दिशेने येत होतं. लाकूड असेल, टायर असेल. मी त्याच्याकडे बघत होते, दात वाजत होते, आणि पाय हलत नव्हते. छत्री काखेत, एका हातात लगदा आणि किल्ल्या, एका हातात काठी. सात वर्षांची असताना जशी कडी धरली होती तशीच धरली होती.

‘बेन, चालो ने! शुं करो छो?’ काका पायऱ्या उतरून पाण्यात आले. त्यांनी हात पुढे केला. बिचारा औषधं विकणारा माणूस, आयुष्यात कधी परेड केली नसेल. मी त्यांचा हात धरला नाही. मला माझाच आवाज ऐकू आला.

‘एक गेट, कुलपासह. नऊ किल्ल्या. एक रजिस्टर.’

त्यांनी हात आणखी पुढे केला. मी पुन्हा म्हटलं. शेवटी त्यांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि समजूत घालावी तसे म्हणाले, ‘सारुं, सारुं. बधुं मने आपी दीधुं. हवे चालो.’

सगळं त्यांच्या ताब्यात गेलं, तेव्हा पाय सुटले.

वर औषधांच्या खोक्यांत बाबा चादर गुंडाळून बसले होते, कुडकुडत. त्यांना काय काय बोलायचं ते मी पायऱ्यांवरच ठरवलं होतं. पणजोबांपासून सगळ्यांचा उद्धार करायचा होता. मी तोंड उघडायच्या आत ते उठले, माझ्या ओल्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘शाबास.’

आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.