चेक काकूंच्याच नावानं

पचमढीच्या एका रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहायचा हक्क आम्ही विकत घेतला, तोही सेकंडहॅण्ड. आमच्या रायपुरातल्याच चौबे कॉलनीत एक मराठी काकू होत्या. त्यांचे मिस्टर वारले होते आणि हॉलिडे क्लबची मेंबरशिप त्यांना विकायची होती. नवी आम्हाला झेपली नसती. ही उरलेल्या वर्षांपुरती होती, म्हणून स्वस्तात मिळत होती.

दार त्यांच्या पुतण्यानं उघडलं. तिशीतला, नीटनेटका, बोलायला फार गोड. काकांच्या आजारपणात मदतीला आलो आणि इथेच राहिलो, असं त्यानंच सांगितलं. त्याला मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. पाणी त्यानं आणलं, कागदही त्यानंच काढून दाखवले. काकू सोफ्याच्या टोकाला बसून होत्या. आम्ही त्यांना काही विचारलं की त्या त्याच्याकडे बघायच्या आणि बोलायचा तो.

पैशांचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, माझ्या नंबरवर यूपीआय करा, नाहीतर रोख द्या. ह्यांनी नकार दिला. हे रेल्वेच्या अकाउंट्समध्ये कामाला आहेत, क्लबात आधीच विचारून आले होते. मेंबरशिप नावावर करायची तर पैसे मेंबरच्याच खात्यात गेल्याचा पुरावा लागतो. तेव्हा चेकच, आणि तो काकूंच्याच नावानं.

पुतण्या हसला. "कोई बात नहीं. काकी का खाता भी मैं ही देखता हूँ."

तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो गॅलरीत गेला. काकू माझ्याकडे झुकल्या. "बाई, त्या खात्यात नका टाकू. त्याच्याच मोबाइलवर चालते ते. मले तर पासबुकही दाखवत नाही तो."

"कोणाला सांगितलं का तुम्ही?"

"कोणाले सांगू? फोनही तोच उचलते."

तो परत आला तेव्हा त्या उशीचा अभ्रा सारखा करत होत्या. क्या बात हो रही थी, असं त्यानं विचारलं. पचमढीच्या थंडीचं चाललं होतं, असं मी सांगितलं. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

परतताना हे म्हणाले, घरगुती भांडण आहे, आपण काहून मध्ये पडायचं. मलाही ते पटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ह्यांनीच विषय काढला. काकूंच्या नावाचं दुसरं खातं उघडलं तरी क्लबला चालेल, म्हणाले. फक्त त्यांना एकदा घराबाहेर काढावं लागेल.

क्लबच्या ऑफिसात काकूंची सही लागणारच होती. मी पुतण्याला फोन केला आणि मुद्दाम त्याच्या ड्यूटीची वेळ सांगितली. त्याला सुट्टी मिळेना. "ले जाइए आंटी," तो म्हणाला, "पर सीधे घर छोड़िएगा."

सही झाल्यावर आम्ही ऑटो पोस्टाकडे वळवली. आम्ही काही सांगितलं नव्हतं, तरी आधार कार्ड काकूंनी ब्लाउजमध्ये लपवून आणलं होतं. खात्याच्या फॉर्मवरची त्यांची सही जुळेना, पोस्टातल्या बाईंनी ती पुन्हा करायला लावली. मग त्यांनी मोबाइल नंबर विचारला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा दिला. चेक त्याच खात्यात भरला. ऑटोत काकू सारख्या वेळ विचारत होत्या. वर्ध्याला बहीण आहे म्हणाल्या, आणि तिचा पाठ असलेला नंबर त्यांनी मला लिहून घ्यायला लावला.

घरी पोचलो तर पुतण्या फाटकात उभा.

"ऑफिस से जल्दी निकल आया," तो म्हणाला. "बहुत देर लगी, आंटी."

त्यानं काकूंचा दंड धरून त्यांना आत नेलं. आमच्या देखत जाळीचं दार ओढलं आणि आतून कुलूप घातलं.

चेक वटल्याचा मेसेज माझ्या फोनवर आला. काकूंना कळवायचं तरी कसं? त्यांचा मोबाइल त्याच्याकडेच असायचा; मी फोन केला की तोच उचलायचा, काकी सोई हैं म्हणायचा, दुपारी केला तरी तेच. शेवटी मी वर्ध्याला फोन लावला. काकूंच्या बहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला पाठवते म्हणाली. त्या आठवड्यातच तिचा मुलगा गाडी घेऊन आला, घरी लग्न आहे म्हणून सांगितलं आणि मावशीला घेऊन गेला. काकू परत आल्या नाहीत.

पुतण्या मात्र आमच्याकडे आला. आमचा पत्ता मी त्याला कधी दिला नव्हता. चहा घेतला, खुर्चीत आरामात टेकून बसला. पैशांबद्दल एक शब्द नाही. ह्यांची ड्यूटी किती वाजता सुटते, दुपारी घरी कोण असतं, पचमढीला कधी जाणार, हे सगळं त्यानं हसत हसत विचारलं. पचमढीचं अजून ठरलं नाही, एवढंच मी बोलले. जाताना तो माझ्या पाया पडला.

हिवाळ्यात आम्ही पचमढीला गेलो. खोली छान होती, खिडकीतून दरी दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, आपके भतीजे का फोन आया था, पूछ रहे थे कि साथ में कोई बुज़ुर्ग महिला भी हैं क्या.

आम्हाला पुतण्या नाही. ह्यांना भाऊच नाही.

मी तिथूनच वर्ध्याला फोन लावला. काकूंनी स्वतः उचलला. तो तिकडे आला होता का, मी विचारलं.

"नाही आला अजून," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "पण येईल. त्याले घाई नसते, बाई."

बहिणीच्या मुलाला सांगून ठेवा, पोलिसात एक अर्ज देऊन ठेवा, असं मी म्हटलं. "हव," त्या म्हणाल्या. तेवढं त्यांनी खरंच केलं, हे मला नंतर कळलं.

रिसेप्शनवर आम्ही सांगितलं की आमच्याबद्दल कोणालाही काही सांगू नका. त्या मुलीनं मान डोलावली, पण आमच्या खोलीचा नंबर तिनं आधीच सांगून टाकला होता. आठवडा पुरा न करताच आम्ही रायपूरला परतलो. पुढच्या वर्षीचं बुकिंग मी अजून केलेलं नाही.