रंगवलेली शिलाई मशीन

माझा सत्कार ठरलाय. गौरव अंकासाठी समितीने माझ्याकडूनच आठवणी मागितल्या आहेत. 'दानशूर' हा शब्द त्यांनी आधीच छापून ठेवलाय. डोक्याला फेटा बांधला की झालं, आतलं डोकं कोण बघतो?

मंठ्याच्या बाजारात मी छोट्या धंदेवाल्यांना पैसे द्यायचो. व्याज आधीच कापून घ्यायचो आणि हप्ता दर बाजाराला. तो चुकला की ज्यावर माणूस पोट भरतो तीच वस्तू उचलायची, ही माझी पद्धत. भजेवाल्याची कढई, शिंप्याची मशीन. एका शिंप्याची मशीन तर ऐन दिवाळीच्या तोंडावर उचलली. लोकांचं कापड बेतून पडलेलं होतं. तो पुढे मजुरीला गेला आणि तिकडेच वारला.

म्हातारपणी मी ट्रस्ट काढला. गोदामातल्या ओढून आणलेल्या मशिनी रंगवून घेतल्या आणि गरजू भगिनींना वाटायला काढल्या. नव्या घेण्याची ऐपत होती. पण दानातही मला काटकसर सुचली.

वाटपाला त्या शिंप्याची बायको आली. तिने मशीनच्या फळीखाली हात घातला. तिथे खिळ्यांनी ठोकलेली पत्र्याची डबी होती.

"शेठ, ही डबी माह्या मालकानं ठोकेल हाय. सुया ठेवायला."

मी हळूच म्हणालो, "नको असली तर ऱ्हाऊ दे. मागं रांग हाय."

फोटोवाला ओरडला, "मावशी, शेठच्या पाया पडा!"

ती पडली. मशीन हवी होती तिला.

तोच फोटो अंकाच्या मुखपृष्ठावर येणार होता. परवा तिच्या घरी जाऊन मी इथवर लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. शिवण न थांबवता ती म्हणाली, "लिहा न्हाईतर नका लिहू. तो फोटो तेवढा काढून टाका. लेकीच्या सासरचे बघतेत."

फोटो काढून टाका अन् हा मजकूर छापा म्हटलं, तर समितीचे अध्यक्ष म्हणाले, "शेठ, इतका बोलका फोटो दुसरा न्हाई. अन् हा मजकूर अंकात शोभत न्हाई."

"मंग मंडपाचा, जेवणाचा अन् फेट्यांचा खर्चा तुम्हीच करा."

माझा सत्कार माझ्याच पैशाने होतोय, हेही नोंदवून ठेवतो. अध्यक्षांचा चहा संपायच्या आत मुखपृष्ठावरून फोटो निघाला, मजकूर छापायचं ठरलं. अंकाची पहिली प्रत मीच तिला नेऊन दाखवणार आहे. ती मला आत बोलावेल असं काही नाही.