लांब जिभेचं रानआलं

"तिथंच थांबा म्याडम. दोरीच्या आत यायचं न्हाई."

रिटायर्ड सुभेदार शामराव काठी आडवी धरून उभे होते. त्यांच्या मागे, हिरड्याच्या झाडाखाली, जमिनीतून लालसर बोंडं वर आली होती. एका बोंडातून पिवळं फूल डोकावत होतं. त्या फुलासाठी मी सांगलीहून शिराळ्याच्या वरच्या डोंगरात आले होते. अंगावर पाऊस, हातात स्पिरिटची बाटली आणि समोर काठी.

"अहो सुभेदार, मीच आहे. ओळखलं नाहीत का?"

"वळखलं की. कुणालाबी हात लावू द्यायचा न्हाई, असं तुमीच सांगून गेलाय."

"कुणालाही म्हणजे इतरांना!"

"तसं बोलला न्हाईसा. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

मी सांगलीच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवते. माझा विषय टॅक्सॉनॉमी, म्हणजे झाडं ओळखणं आणि ज्याला नाव नाही त्याला नाव देणं. ऐकायला सोपं वाटतं. आदल्या पावसाळ्यात सुभेदारांच्या बांधावर मला हे रानआलं दिसलं. आपल्या चहातल्या आल्याचंच भावंड, पण पुस्तकातल्या कुठल्याच आल्याशी जुळेना. पानं तपासली, गड्डे तपासले, जुने नमुने पाहिले. नवीच जात होती. मी आनंदानं पेपर लिहून पाठवला.

तो परत आला. पेपर छापण्याआधी त्यातल्या खोडी काढायला एक अनोळखी तज्ज्ञ असतो, त्याला रिव्ह्यूअर म्हणतात. त्याचं म्हणणं, फुलाचा तपशील अपुरा आहे. बरोबरच होतं. आल्याचं फूल फार नाजूक. सकाळी उमलतं आणि दुपार टळेपर्यंत त्याची जेली होते. कागदात दाबलं तर डाग तेवढा उरतो. माझ्याकडे डागच होता. म्हणून या वेळी ताजं फूल तिथल्या तिथे उघडून, त्याचे भाग सुटे करून, फोटो काढून स्पिरिटमध्ये ठेवायचं ठरवलं होतं.

त्यातच कळलं, की दुसऱ्या राज्यातली एक टीमही अशाच आल्यावर काम करतेय. या धंद्यात जो आधी छापतो त्याचंच नाव राहतं. रानात बाकी जिथं जिथं हे आलं होतं, तिथं रानडुकरांनी गड्डे उकरून फस्त केले होते. उरला सुभेदारांचा बांध. आणि त्यांनी तिथं सीमेवर बांधावी तशी दोरी बांधली होती.

बांधाच्या टोकाला मोबाइलची रेंज येते. तिथून मी प्रिन्सिपॉल सरांना फोन लावला. सर फिजिक्सचे.

"सर, फूल समोर आहे, पण तोडू देत नाहीत."

"आलंच आहे ना ते?"

"हो सर."

"मग मंडईतून घेऊन या की."

मी फोन ठेवला आणि परत दोरीपाशी आले. फूल आता पूर्ण उमललं होतं. म्हणजे घड्याळ सुरू झालं होतं.

"सुभेदार, नीट ऐका. नवीन जात जाहीर करायची तर एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. त्याला टाइप म्हणतात. एक फुटवा कापायचा, वाळवायचा, जाड कागदावर चिकटवायचा."

"म्हंजे ह्यो जगात हाय हे दाखवायला त्याला मारायचा?"

"गड्डा जमिनीतच राहील. पुढच्या पावसाळ्यात परत फुटेल," मी म्हटलं.

"आन् ह्या बाटलीत काय हाय?"

"स्पिरिट. फूल त्यात बुडवायचं."

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "रम चालंल का? क्यांटीनची हाय. चांगली हाय."

"रम नको."

"बरं." मग काठी खाली टेकवून म्हणाले, "एक फुटवा घ्या. पर नाव आमच्या मंडळींचं द्यायचं. हौसाबाई. मी सगळी नोकरी बर्फात काढली, हितं तिनं एकटीनं रान संभाळलं. तिला आजवर एक बरी साडी आणली न्हाई मी. आणली ती तिला आवडली न्हाई."

नियमात बसत होतं. स्वतःचं नाव स्वतः देऊ नये असा संकेत आहे, दुसऱ्याचं खुशाल द्यावं. मी लगेच कबूल केलं. सुभेदारांनी दोरी वर उचलली आणि मी वाकून आत गेले.

एक फुटवा कापला, फुलाचे भाग सुटे केले. पाकळ्या, पुंकेसर, त्याची वाकडी चोच, सगळं काळ्या कापडावर मांडून फोटो घेतले. छत्री सुभेदारांनी धरली होती, सावधान पवित्र्यात. पाऊस सगळा माझ्या पाठीवर पडत होता, पण फुलावर एक थेंब पडला नाही.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग आम्ही घरी गेलो.

हौसाबाई चुलीपुढं बसल्या होत्या. सुभेदारांनी बातमी दिली. त्या लाजल्या, पदर सावरला, चहा ठेवला.

"झाडाला माझं नाव? आगं बया. आन् त्यात लिवणार काय?"

"झाडाचं वर्णन," मी म्हटलं.

"वाचा की. आईकतो आमी."

इथे सांगायला हवं, की आमच्या पेपरात आधी नाव येतं आणि लगेच खाली वर्णन. मी फोनवर मसुदा उघडला, वर नवं नाव घातलं आणि जसा होता तसा मराठीत सांगत गेले. माझ्या लक्षातच आलं नाही.

"हौसाबाई. उंची कमी. बुंधा जाड, तळाशी फुगलेला. अंगावर दाट लव. वास उग्र. जीभ लांब, टोकाशी दुभंगलेली."

चूल तेवढी तडतडली. सुभेदार गोठ्याकडे बघायला लागले.

"जीभ कुणाची लांब?" हौसाबाईंनी विचारलं.

"पानाची! पान खोडाला जिथं धरतं ना, तिथं एक पातळ पापुद्रा असतो. त्याला आम्ही जीभ म्हणतो. ती लांब असणं ही या जातीची खास ओळख आहे."

"खास वळख," त्या म्हणाल्या आणि चहाचं भांडं खाली उतरवलं. कपात मात्र ओतला नाही. "न्हाई बाई. माझं नाव काढा. भावकीत कळलं तर मला लगीनघरात जाता यायचं न्हाई."

"आगं, मानाची गोष्ट हाय," सुभेदार म्हणाले.

"मग तुमचं नाव घाला की. बुंधा जाड, बरूबर. लव हाय. वास तर शेतातनं आल्यावर सोप्यापातुर येतोय."

"पर माझी जीभ लांब न्हाई."

"आवं, परवा विम्याचा माणूस आला, त्याची येष्टी चुकली तुमच्या बर्फाच्या गोष्टीपायी. आन् दुभंगलेली बी हाय. पाव्हण्यांम्होरं येक, माघारी येक."

सुभेदारांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी फोनमध्ये पाहिलं. वर्णन खरोखरच बसत होतं.

मी तिथंच बसून नाव बदललं. झिंजिबर म्हणजे आलं, पुढे सुभेदारांचं नाव: झिंजिबर शामरावी. मग चहा मिळाला. आलं घातलेला होता. मी घाबरून विचारलं, तर हौसाबाई म्हणाल्या, "बाजारातलं हाय. त्या तुमच्या झाडाला चवच न्हाई."

पेपर छापून आला. दुसऱ्या टीमचं आलं वेगळंच निघालं; माझा जीव उगाचच टांगणीला लागला होता. प्रिन्सिपॉल सरांनी कॉलेजच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. सुभेदार सगळी मेडलं लावून आले. सरांनी माइक पुढे करून म्हटलं, दोन शब्द बोला.

सुभेदार बोलले. बर्फावर बोलले, बुटांवर बोलले, खेचरांवर बोलले, एका मद्रासी हवालदाराच्या सांबारावर बोलले. मागच्या रांगेतली मुलं कँटीनला जाऊन परत आली. सरांनी दोनदा टाळ्या वाजवल्या, त्या सुभेदारांनी दाद समजून स्वीकारल्या. रानआल्याचा उल्लेख अख्ख्या भाषणात आला नाही.

पहिल्या रांगेत माझ्या शेजारी हौसाबाई बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"म्याडम, लिवलंय ते बरूबर हाय."

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगते, की नावाची घाई करू नका. आधी वर्णन चोख लिहा. ते चोख असलं, की नाव कुणाचं द्यायचं हे घरचीच माणसं सांगतात.