अप्पा आणि किसनची बंडी

महादप्पा जमादार, म्हणजे आपणा सर्वांचे अप्पा, यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची माझी पहिली भेट नांदेडच्या छावणीत झाली. निजामी राजवटीची ती शेवटशेवटची वर्षे. मी मराठी शिकवणारा तरुण मास्तर. पलटणीच्या अजायबखान्यातल्या, म्हणजे संग्रहालयातल्या, वस्तूंवर चिठ्ठ्या लिहायला मला शाळेतून बोलावून घेतले होते. अजायबखाना कसला, हत्यारांच्या कोठीमागच्या दोन पत्र्याच्या खोल्या. त्यांच्या किल्ल्या अप्पांच्या कमरेला असत.

पहिली चिठ्ठी मी एका मेलेल्या शिपायाच्या चेपलेल्या बिगुलासाठी लिहिली. शाळेतल्या कविता तेव्हा माझ्या डोक्यात अष्टौप्रहर घुमत. बिगुलाला उद्देशून मी चार ओळी रचल्या. त्यात पहाट होती, दवाचे थेंब होते. अप्पांनी चिठ्ठी दोन्ही हातांत धरून सावकाश वाचली.

“मास्तर, अक्षर लई झाक हाय. पण हे दव कुठून आलं? नाव, गाव, नंबर लिहा. मेलेल्या मानसाला तेवढं पुरतं.”

वर्षभर मी शाळा सुटली की तिथे जात असे. उन्हाळ्यात अप्पा सगळे गणवेश उन्हात घालत आणि घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला भरत. पावसाळ्यात पत्रा गळू लागला की पलटणीचा जुना ढोल डोक्यावर घेऊन कोरडा कोपरा शोधत फिरत. “ह्याला पडसं झालं की ह्यो बोलत न्हाई,” म्हणत. दसऱ्याला तलवारींना तेल आणि झेंडूची फुले. आणि थंडीत पलटणीचा सालगिरा, म्हणजे तिचा वाढदिवस. त्या एका दिवशी बाहेरच्यांना अजायबखान्याचे दार उघडे असे. अप्पा तेव्हा मेलेल्या शिपायांची हजेरी घेत. एकेक नाव पुकारायचे, आणि त्या शिपायाचे कुणी आले असेल तर त्याने, नसेल तर खुद्द अप्पांनी, “हाजिर” म्हणायचे.

सालगिऱ्याच्या आधी सारे घासूनपुसून लखलखीत होई. पितळेला चिंच, लोखंडाला तेल, लाकडाला मेण. मेलेल्या शिपायांच्या कपड्यांना मात्र अप्पा पाणी लागू देत नसत. ऊन दाखवून ते तसेच पेटीत परत जात. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

किसनची बंडी त्यातलीच. किसन किनवटकडचा शिपाई. लढाईत समुद्रापलीकडे गेला आणि तिकडेच राहिला. पलटण परतली तेव्हा त्याची म्हणून एवढीच वस्तू आली: आईने हाताने शिवलेली बंडी, गळ्याशी घामाचा पिवळा डाग. सालगिऱ्याच्या आदल्या दिवशी अप्पा पाहुण्यांच्या व्यवस्थेसाठी बाहेर गेले होते. मला त्या डागाशेजारी माझी नवीकोरी चिठ्ठी बघवेना. उद्या आई येणार, पोराची वस्तू तिला स्वच्छ दिसावी, असे काहीतरी काव्य मनात आले. मी रिठ्याच्या पाण्यात बंडी धुतली, वाळवली आणि घडी करून ठेवून दिली.

सकाळी किसनच्या आई, सोनाबाई, आल्या. दरवर्षी त्या रेल्वेने येत, पेटीपाशी बसत आणि कुणाशी अक्षर न बोलता परत जात. अप्पांनी बंडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडाला लावून हुंगली. पुन्हा हुंगली. उलटी करून काखेपाशी हुंगली. त्या दरवर्षी एवढ्या लांबून कशासाठी येत होत्या, ते मला तेव्हा कळले.

“जमादार, ह्यात किसन न्हाई.”

अप्पांनी बंडीकडे पाहिले, मग एकदाच माझ्याकडे.

“माय, म्या धुतली. सफाईच्या नादात. चुकलं माझं.”

“हात कसे झडले न्हाईत रं तुझे? पोरगं नेलं तुमी, मी काई बोलले न्हाई. येवढा वास ऱ्हायला व्हता, त्यो बी नेला. आता कशाला येऊ मी हितं?”

हजेरीला त्या थांबल्या नाहीत. किसनचे नाव पुकारून अप्पांनी स्वतःच “हाजिर” म्हटले.

“मी किनवटला जाऊन खरे काय ते सांगतो,” असे मी रडत म्हणालो, तेव्हा अप्पांनी मला खाली बसवले. “काय सांगता? मी पलटणीचा हाय, मास्तर. माझ्यावर तिला रागावता येतं. इतक्या सालांत आज पहिल्यांदा बोलली ती. तुमच्यावर रागावून तिला काय भेटणार?”

पुढे राजवट गेली, पलटण मोडली, पेट्या हैदराबादेकडे रवाना झाल्या. अप्पा लातूरला भावाच्या डाळीच्या दुकानात येऊन बसले. तिथल्या त्यांच्या सचोटीविषयी अप्पांच्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिले आहेच. पण दर सालगिऱ्याला दुकानातून रजा घेऊन ते किनवटला जात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. घरचे समजत, देवदर्शनाला गेले. सोनाबाई कशा वागवतात, असे मी एकदा भीतभीत विचारले.

“आधी शिव्या देती, मग भाकरी देती. शिव्या कमी झाल्या की मला तिच्या तब्येतीची काळजी लागती.”

सोनाबाई गेल्या, तोवर हा नेम कधी चुकला नाही. त्यांच्या लेखी बंडी अखेरपर्यंत अप्पांनीच धुतलेली होती. मी एकदाही गेलो नाही. वर्गात वीरांच्या कविता शिकवताना मी मधेच पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत राही. मुलांना वाटे, मास्तर कवितेत रमले.

हे सारे लिहू का, असे विचारायला गेलो तर अप्पा हसले. “लिहा. ती आता न्हाई, कुणाला दुखायचं न्हाई. पण दव नगं.”

म्हणून साधेच लिहितो. नाव महादप्पा, गाव शिरूर अनंतपाळ, नंबर त्यांना अजून पाठ आहे. बंडी मी धुतली होती. सोनाबाईंच्या शिव्या माझ्या होत्या, त्या अप्पांनी ऐकून घेतल्या.

अप्पांचे गुडघे बरे होवोत, नजर शाबूत राहो, शंभरी ओलांडूनही हा खणखणीत आवाज आपल्या कानी पडत राहो. सोनाबाई गेल्यापासून सालगिऱ्याच्या दिवशी ते दुकानामागच्या खोलीत एकटे उभे राहून हजेरी घेतात. येत्या थंडीत मी लातूरला जाणार आहे. किसनचे नाव पुकारले की या वेळी “हाजिर” मी म्हणेन.