चारशे वीस वार

सुखदेव मेश्रामबरोबर खरेदीला जाणं ही शिक्षा असते. न्यूझीलंडमधल्या पापाकुऱ्यात वीस वर्षं फार्मसिस्ट असलेला हा माणूस साधा चाकू घेतानाही सोबतचं पत्रक बारीक अक्षरांसकट वाचून काढतो. त्या शनिवारचं ते आमचं तिसरं दुकान. घ्यायचं होतं रेंजफाइंडर, म्हणजे डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरचं हरीण किती मीटरवर आहे ते लेझरने सांगणारं यंत्र. सुखदेव निवांत होता. घाम मला फुटला होता, कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि त्याला नव्हती.

एप्रिलमधली गोष्ट. नर हरणं रानात हंबरत फिरतात तो मोसम. सुखदेव सतरा वर्षं शिकारीला जातो, मटण ओळखीच्या घरांत वाटतो, आणि एकच गोळी झाडतो. जनावर अर्धमेलं सोडायचं नाही, हा त्याचा नेम. मी बंदुकीला हात लावत नाही, थर्मास आणि बॅग उचलतो. त्या दिवशी त्याचं यंत्र ओढा ओलांडताना पाण्यात पडलं, म्हणून मी बॅगेतलं माझं गोल्फसाठीचं तसंच यंत्र काढलं. तो रायफलला डोळा लावून पालथा पडला होता. दरीपलीकडे नर उभा. मी आकडा वाचला, "चारशे वीस."

"आकडा बी कसला शोधला बे," तो गालात हसला. त्याने दुर्बिणीची चकती चारशे वीसवर फिरवली, श्वास सोडला, गोळी झाडली. नर पाठीत वाकला, सावरला आणि झाडीत घुसला. नेच्यांवर रक्ताचे थेंब होते, पुढे तेही संपले. तीन तास शोधून आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. परतताना सुखदेव गाडी चालवत होता आणि स्टिअरिंगवरच्या उजव्या हाताकडे सारखा बघत होता.

पुढच्या रविवारी गोल्फच्या मैदानावर मला यंत्रातल्या आकड्याच्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर दिसलं, Y. फेब्रुवारीत न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या चुलतभावाने, समीरने, खेळताना ते यंत्र यार्डांवर करून ठेवलं होतं. यार्ड म्हणजे आपला वार, साडीचा. चारशे वीस वार म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी मीटर. गोळी जवळजवळ वीतभर वर गेली होती. सुखदेवचा हात चुकला नव्हता, माझा आकडा चुकला होता.

मी तिथूनच फोन केला. त्याच्या बायकोने, कांचनने उचलला. म्हणाली, "अरे नितीश, हा जेवत नाहीये. ह्याच्या बाबांना कंपवात होता ना, उजव्या हातापासूनच सुरू झाला होता. ह्याला वाटतंय आपल्यालाही लागला."

तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. मला लाज वाटली. समोर बसून सांगू, शनिवारी सांगू, असं म्हणत मी "होईल गं ठीक" म्हणून फोन ठेवला. शनिवारचा मे झाला. जूनमध्ये त्याने पातळ औषधं मोजून द्यायचं काम दुसऱ्याकडे सोपवलं. ऑगस्टमध्ये अर्धवेळ काम मागून घेतलं. दर महिन्याला सांगणं जास्तच अवघड होत गेलं आणि मी हिल्सबरोतल्या घरी बसून ढोकळ्याचे फोटो पाठवत राहिलो. भेकडपणाला दुसरा शब्द नाही.

आता ह्या तिसऱ्या दुकानातली मुलगी मनापासून एकेक दाखवत, समजावत होती. पाकिटावर अठराशे मीटर लिहिलंय ते चकचकीत पाटीसाठी, हरणाच्या अंगावर त्याच्या निम्मं धरा. लाल आकडे संध्याकाळी बरे. गवतामागचं हरीण मोजायचं तर लांबचं धरणारी सेटिंग हवी, गोल्फची यंत्रं आधी जवळचं पकडतात. सुखदेव एकेक यंत्र घेऊन काचेतून रस्त्यापलीकडची पाटी बघायचा, आणि आतला ठिपका थरथरला की ते हळूच खाली ठेवायचा.

"बघितलं?" तो मला म्हणाला. "स्टँडवर बसणारंच घ्यावं लागते. गुरुवारी न्यूरॉलॉजिस्ट आहे. तोवर कांचनला ह्या ठिपक्याचं काही बोलू नको."

"अरे, हातात धरलं की सगळ्यांचाच हलतो ठिपका."

"तू कशाला समजूत काढतोस?"

मुलीने त्याच्या हातातलं यंत्र घेतलं. "एक मिनिट, हे यार्डांवर आहे. मीटरवर करून देते. स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत 'मस्त, झालंच'.

"यार्ड?" सुखदेव हसला. "यार्ड कोण वापरते?"

"गोल्फवाले. आणि अमेरिकन."

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझंही यार्डांवर होतं. एप्रिलमध्ये. पुढच्याच रविवारी कळलं मला."

त्याचे ओठ हलले. औषधाच्या गोळ्यांचा हिशेब करताना हलतात तसे. "तीनशे चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. त्याने उजवा हात काउंटरच्या काचेवर आडवा धरला, बोटं पसरली आणि खूप वेळ त्याकडे पाहिलं. हात हलत नव्हता. मुलगी "सगळं ठीक ना?" विचारत होती. सुखदेव तिला थँक्यू म्हणाला आणि काही न घेता बाहेर पडला.

मी मागोमाग जाऊन गाडीत बसलो. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने किल्ली फिरवली आणि तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर कांचनचा फोन आला.

"मिळालं का?"

"कांचन, माझा हात ठीक आहे."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "म्हणजे? कोण म्हणालं? डॉक्टरांचा फोन आला?"

"नितीश म्हणाला."

"त्याला काय कळतंय त्यातलं!"

सुखदेवने माझ्याकडे पाहिलं नाही. आरसा नीट केला, पट्टा लावला.

"त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "एप्रिलपासून."