वकीलकाका आणि आमचा परदेशी गोलकीपर

आमच्या वकीलकाकांनी हरकत घेतली नाही असा दिवस मला आठवत नाही. खालापूरच्या कोर्टातली वकिली सोडली, पण खोड गेली नाही. पंगतीत जिलबी उशिरा आली तरी हरकत, वाढणाऱ्याने जास्त आग्रह केला तरी हरकत. कडावचा आमचा फुटबॉल संघ त्यांनीच उभा केला आणि आसपासच्या गावांच्या लीगमधल्या तक्रारींचा निवाडाही तेच करत. स्वतःचा संघ असूनही त्यांच्या निवाड्यावर कुणी शंका घेत नसे. "नियम म्हंजे नियम. माझ्या पोरांना येगळा नाय," असं सारखं ऐकवायचे. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पोरं म्हणजे आम्हीच.

मध्यंतरी पैसेवाले संघ मुंबईत शिकायला आलेले आफ्रिकन खेळाडू सामन्यापुरते आणायला लागले. काका भडकले. "आपली पोरं काय नुसत्या टाळ्या पिटनार?" असं म्हणत त्यांनी लीगमध्ये नियमच करून घेतला, की परदेशी खेळाडू एकही चालणार नाही. आम्ही त्यांना खांद्यावर घेऊन नाचलो. नाचणाऱ्यांत आमचा गोलकीपर सूरजही होता.

सूरजचा बाप फार्महाउसवर रखवालदार, मूळचा नेपाळचा. सूरज मात्र जन्मला कर्जतच्या दवाखान्यात आणि वाढला काकांच्या ओसरीवर. शिव्या आमच्यापेक्षा अस्सल द्यायचा. आईबाप नेपाळचे नागरिक, म्हणजे कायद्याने हाही तिकडचाच, हे नियम करताना कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कायदा कोळून प्यायलेल्या काकांच्याही नाही.

फायनलला मुंबईच्या एका व्यावसायिक क्लबचा माणूस खास सूरजला बघायला आला होता. खेळ आवडला तर करार होणार होता. शिट्टी वाजणार इतक्यात समोरच्या संघाचा मॅनेजर पुढे आला. "वकीलसायेब, तुमचा गोलकीपर नेपाळी हाय. नियमात बसत नाय."

आमच्या कॅप्टनने त्याची गचांडी धरली. काकांनीच ती सोडवली. एक शब्द त्यांनी फिरवला असता तर सामना सुरू झाला असता. सूरज ग्लोव्हज घालून त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"काका, मी बाहेरचा हाय का?"

काकांनी स्वतःच्या हाताने त्याचे ग्लोव्हज उतरवले. मग म्हणाले, "नियम माझा हाय रं पोरा. बाहेर बस."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर संताप आला. खरं सांगतो, अजूनही येतो. क्लबचा माणूस उठला. "आमच्याकडे निदान मोजके परदेशी तरी चालतात," एवढं बोलून गाडीत बसला. आम्ही सामना हरलो, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

लीगच्या पुढच्या सभेत काकांनी स्वतःच्याच नियमावर हरकत घेतली. समोरच्यांनी एक तरुण वकील आणला होता. तो म्हणाला, घटनेतलं भेदभावाविरुद्धचं कलम नागरिकांपुरतं आहे, शिवाय लीग काही सरकार नाही. "म्हाईत हाय मला," काका कडाडले, "कोर्टात मी हरेन. म्हनून कायदा नाय सांगत, लाज सांगतोय. नियम करताना ती मला नव्हती, आता तुमी तरी बाळगा." हात जोडताना त्यांना आम्ही प्रथमच पाहिलं. इथे वाढला तो इथला, असा नियम बदलला.

पण तोवर सूरज नेपाळला, पोखऱ्याच्या एका क्लबात निघून गेला होता. त्याच्या मोडक्या नेपाळीमुळे तिथे त्याला सगळे इंडियावाला म्हणत. काका दर रविवारी फोन करायचे. "नियम बदललाय रं. ये आता." तो "बघतो" म्हणायचा. काका फोन ठेवून कितीतरी वेळ अंगणात फेऱ्या मारायचे.

तो आला काकांच्या तेराव्याला. दारात त्याने टोपी काढली आणि बायका कुजबुजल्या. डोक्याचं मुंडन केलेलं होतं. बाप हयात असताना पोराने असं डोकं करायचं नसतं.

त्याचा बाप शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "मीच सांगितलं त्याला, काढ म्हनून."